खोली, कुटुंब आणि मोठे घर : बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची एक चिकित्सा

प्रस्तावना

सार्वजनिक गृहनिर्माणाची चर्चा बहुधा घरे किती बांधली या संख्येभोवती फिरते. बांधलेल्या घरात पुढे किती माणसे राहू लागली, हा प्रश्न मागे राहतो. घर स्थिर असते, कुटुंब मात्र स्थिर नसते. मुले होतात, ती मोठी होतात, सुना येतात, गावाकडील वृद्ध आईवडील उपचारासाठी येऊन राहतात. वाटपाच्या दिवशी पुरेसे असलेले घर पंधरावीस वर्षांत अपुरे ठरते. अशा वेळी भाडेकरूला मोठ्या घरात जाण्यासाठी शासन साहाय्य करते की नाही, ही कोणत्याही सार्वजनिक गृहनिर्माण व्यवस्थेची खरी कसोटी होय. प्रस्तुत लेखात या कसोटीवर मुंबईतील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाची चिकित्सा केली असून, तुलनेसाठी हाँगकाँग व इंग्लंड येथील व्यवस्थांचा आधार घेतला आहे.

दाटीचे माप

दाटी ही केवळ गैरसोय नव्हे. क्षयरोगासारख्या श्वसनमार्गातून पसरणाऱ्या रोगांशी तिचा संबंध सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या गृहनिर्माणविषयक मार्गदर्शक तत्त्वांत घरांतील दाटी कमी करण्याची शिफारस केली आहे. अभ्यासाला कोपरा नसणे, नवविवाहितांना एकांत नसणे, आजारी माणसाला पाठ टेकायला स्वतंत्र जागा नसणे, हे तिचे सामाजिक परिणाम होत. ‘मुंबईचा जावई’ (१९७०) हा मराठी चित्रपट नवदांपत्याच्या याच अडचणीवर उभा आहे. प्रेक्षक हसला, कारण ती अडचण त्याच्या घरातली होती.

तथापि धोरणासाठी केवळ सहानुभूती पुरत नाही, माप लागते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिवास कार्यक्रमानुसार एका राहत्या खोलीत तीनपेक्षा अधिक माणसे असल्यास घर दाटीचे ठरते. इंग्लंडमधील १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात एका खोलीस दोन, दोन खोल्यांस तीन आणि तीन खोल्यांस पाच माणसे असे प्रमाण आहे. त्यात एक वर्षाखालील मूल धरले जात नाही, दहा वर्षांखालील मूल अर्धे धरले जाते, आणि बैठकीची खोलीही झोपण्यायोग्य मानली जाते. मुळात १९३५ च्या कायद्यातून आलेले हे माप आज फारच तोकडे आहे, अशी टीका तेथे होत आली आहे. हाँगकाँगमध्ये माप थेट चौरस मीटरमध्ये आहे. सार्वजनिक घरात दरडोई ५.५ चौ. मी. पेक्षा कमी अंतर्गत क्षेत्रफळ असल्यास ते कुटुंब दाटीग्रस्त ठरते. या मापांत तपशिलाचे भेद असले तरी एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाच्या केंद्रस्थानी माणूस आहे.

हाँगकाँग : भाडेकरूच्या स्थलांतराची व्यवस्था

हाँगकाँगच्या सार्वजनिक गृहनिर्माणाचा आरंभ आपत्तीतून झाला. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मेई येथील झोपडवस्तीला आग लागून सुमारे ५३ हजार लोक बेघर झाले. त्यानंतर उभारलेल्या पुनर्वसन इमारतींत प्रौढ माणसामागे २४ चौ. फूट आणि दहा वर्षांखालील मुलामागे त्याच्या निम्मी जागा धरण्यात आली होती. १२० चौ. फुटांची एक खोली पाच प्रौढांसाठी, पाणी आणि संडास सामाईक, अशी तेथील रचना होती. क्षेत्रफळाच्या दृष्टीने ही खोली बीडीडी चाळीतील खोलीपेक्षाही लहान होती. १९७२ मध्ये गव्हर्नर मॅकलहोस यांनी दहा वर्षांचा गृहनिर्माण कार्यक्रम जाहीर केला आणि १९७३ मध्ये गृहनिर्माण प्राधिकरण स्थापन झाले. नव्या वसाहतींत काही कुटुंबे हलवून जुन्या इमारतींतील लगतच्या खोल्या जोडण्यात आल्या व त्यांत स्वतंत्र स्वयंपाकघर आणि संडास यांची सोय झाली. म्हणजे एका कुटुंबाच्या जाण्याने मागे राहिलेल्या दुसऱ्या कुटुंबाचे घर वाढले.

पुढे हेच तत्त्व नियमित योजनांत आले. दरडोई ५.५ चौ. मी. पेक्षा कमी जागा असलेल्या कुटुंबांसाठी दाटी निवारणाची बदली योजना, आणि ७ चौ. मी. पेक्षा कमी जागा असलेल्यांसाठी राहणीमान सुधारणेची बदली योजना, अशा दोन पायऱ्या तेथे आहेत. कुटुंब मोठ्या सदनिकेत जाते तेव्हा त्याची लहान सदनिका रिकामी होऊन प्रतीक्षायादीतील लहान कुटुंबास मिळते. म्हणजे बदलीने एकूण घरांत तूट येत नाही, फक्त माणूस आणि जागा यांचा मेळ नव्याने बसतो. उलट बाजूने, कुटुंब लहान झालेल्यांना लहान घराकडे वळवण्याचेही प्रयत्न होतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार ज्या घरातील सर्व माणसे ७० वर्षांची वा त्याहून अधिक वयाची आहेत, अशा कुटुंबाने गरजेहून मोठे घर स्वेच्छेने सोडल्यास त्याला लहान घराचे भाडे आजन्म माफ होते.

या व्यवस्थेला आदर्श मानणे मात्र चुकीचे ठरेल. ५.५ चौ. मी. म्हणजे सुमारे ५९ चौ. फूट. सहाव्या चौरस मीटरवर पोहोचलेला माणूस दाटीतून मुक्त झाला, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय अलीकडील प्रमाणित आराखड्यांतील सदनिका सुमारे १४ ते ३५ चौ. मी. या मर्यादेतच असल्याने मोठ्या कुटुंबांसाठी घरेच थोडी पडतात. नव्या अर्जदारांना सरासरी तीन वर्षांत घर देण्याचे उद्दिष्ट असूनही २०१८ मध्ये प्रतीक्षा पाच वर्षांवर आणि २०२२ मध्ये सहा वर्षांपर्यंत गेली. साठा अपुरा असेल तर बदलीचा हक्क कागदावर राहतो, हा त्यातील पहिला धडा होय.

दुसरा धडा इंग्लंडमधील आहे. तेथे एप्रिल २०१३ पासून सामाजिक घरात एक शयनगृह अतिरिक्त असल्यास गृहभत्त्यात १४ टक्के, दोन वा अधिक असल्यास २५ टक्के कपात सुरू झाली. निवृत्तिवेतनधारक त्यातून वगळले गेले. मोठी घरे मोकळी होऊन दाटीतील कुटुंबांना मिळावीत, हा त्यामागील एक युक्तिवाद होता. परंतु जाण्यासाठी लहान घरेच पुरेशी नसल्याने अनेकांना आहे तेथेच राहून कपात सोसावी लागली. दंडाने घर रिकामे करवून घेण्यापेक्षा सवलतीने ते सोडवून घेणे अधिक न्याय्य, हे या दोन अनुभवांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

बीडीडी चाळी : खोली हेच एकक

मुंबई विकास विभाग, अर्थात बीडीडी, १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झाला. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, ना. म. जोशी मार्ग येथे ३२ व शिवडी येथे १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, चाळीत साधारणतः ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौ. फुटांची, संडास सामाईक. गिरणी कामगार, गोदी कामगार, दलित कुटुंबे, कोकण आणि घाटावरून आलेले चाकरमानी यांच्या तीनचार पिढ्या येथे वाढल्या. कुटुंब वाढले तेव्हा शासनाने खोली वाढवली नाही. लोकांनी पोटमाळा काढला, मोरी आवरली, पुरुषमंडळी व्हरांड्यात निजली. हाँगकाँगच्या मापाने या खोलीत तिसरा माणूस आला की दरडोई जागा ४.९५ चौ. मी. होते, म्हणजे तीन माणसांचे कुटुंबही दाटीग्रस्त ठरते. शासन येथे मालक होते, सार्वजनिक बांधकाम विभाग व्यवस्थापक होता. परंतु वाढत्या कुटुंबाला मोठ्या घरात हलवण्याची नियमित वाट शंभर वर्षांत निर्माण झाली नाही.

या पार्श्वभूमीवर पुनर्विकास हे मोठे पाऊल आहे, हे निःसंशय. एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झाले, वरळी येथील प्रत्यक्ष कामाचा आरंभ २०२१ मध्ये झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांचा ताबा देण्यात आला. म्हाडामार्फत राबवल्या जाणाऱ्या या प्रकल्पात पात्र रहिवाशास ५०० चौ. फूट चटई क्षेत्राची, दोन शयनगृहांची सदनिका विनामूल्य व मालकी हक्काने मिळते. १६० वरून ५०० ही तिपटीहून अधिक वाढ आहे.

आक्षेप क्षेत्रफळावर नाही, एककावर आहे. येथे मोजली जाते ती खोली. खोलीत एकटी वृद्धा राहत असेल तरी ५०० चौ. फूट, आणि तीन भावांचे संसार मिळून दहा माणसे राहत असतील तरीही ५०० चौ. फूट. पहिल्या घरात दरडोई सुमारे ४६ चौ. मी. जागा होते, दुसऱ्यात ४.६. म्हणजे हाँगकाँगच्या तोकड्या मापानेही ते दहा जणांचे कुटुंब नव्या इमारतीच्या पहिल्याच दिवशी दाटीग्रस्त ठरेल. सीमारेषा नवव्या माणसाशीच ओलांडली जाते. इंग्लंडच्या खोल्यांच्या मापाने ती सहाव्या माणसाशीच ओलांडली जाईल. झोपडपट्टी पुनर्वसनातही हेच तत्त्व आहे. तेथे क्षेत्रफळ २२५ वरून २६९ आणि पुढे ३०० चौ. फूट झाले, परंतु एक झोपडी, एक सदनिका हे सूत्र बदलले नाही. समान वाटप हे न्याय्य वाटप भासते. दाटीच्या प्रश्नात मात्र ते विषमता जशीच्या तशी नव्या भिंतींत नेते.

दुसरा मुद्दा अधिक दूरगामी आहे. सदनिका मालकीची झाली की ती सार्वजनिक साठ्यातून बाहेर पडते. आजची एकटी वृद्धा उद्या तिची जागा लहान घराच्या बदल्यात परत करू शकणार नाही, ती फक्त बाजारात विकू शकेल. आणि पंधरा वर्षांनी ज्या घरात दोन सुना येतील, त्याला मोठ्या घराकडे नेणारी कोणतीही सार्वजनिक संस्था उरणार नाही. ज्या साखळीमुळे एकाच्या जाण्याने दुसऱ्याची सोय होते, ती साखळी येथे एकाच टप्प्यावर संपते.

आक्षेपांचा विचार

यावर तीन उत्तरे संभवतात. पहिले, माणसे मोजून जागा दिली तर कागदोपत्री कुटुंबे फुगतील. ही भीती खोटी नाही. शिधापत्रिका व मतदार यादी यांवरचे वाद मुंबईला नवे नाहीत. पण पात्रता ठरवताना खोलीनिहाय सर्वेक्षण करावेच लागते. त्यातच एका निश्चित दिनांकास राहणारी माणसे नोंदवणे अशक्य नव्हे. दुसरे, शंभर वर्षे भाडेकरू राहिलेल्यांना मालकी हवी आहे. ही मागणी रास्त आहे, आणि तिला बाध न आणताही मार्ग काढता येतो. तिसरे, मोठी घरे आणायची कोठून? प्रकल्पातील विक्रीच्या सदनिका म्हाडाकडेच आहेत. त्यांपैकी काही, दाटीच्या क्रमाने, अशा कुटुंबांना बांधकाम खर्चात वा भाडेतत्त्वावर देता येतील. ज्या लहान कुटुंबांना कमी जागा आणि रोख मोबदला अधिक सोयीचा वाटतो, त्यांना ताबा मिळण्यापूर्वी स्वेच्छेने अदलाबदल करू देणारी नोंदवही ठेवता येईल. मात्र पर्यायी घर त्याच वसाहतीत असावे. शाळा, कामाची जागा आणि शेजार सोडून मिळालेली जास्तीची खोली अनेकांना नको असते, आणि चाळीत तर शेजार हाच घराचा विस्तार होता.

निष्कर्ष

बीडीडी पुनर्विकासाने १६० चौ. फुटांचे युग संपवण्यास आरंभ केला, हे त्याचे श्रेय आहे. परंतु त्याने खोलीला घर दिले. कुटुंबाला त्याच्या आकाराप्रमाणे घर देण्याचा प्रश्न अनुत्तरित ठेवला. हाँगकाँगची व्यवस्था अपुरी असली तरी तिने हा प्रश्न मान्य केला आहे, त्याला माप दिले आहे आणि तो वारंवार सोडवावा लागतो हे स्वीकारले आहे. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी येथील कामे टप्प्याटप्प्याने होणारी असल्याने उर्वरित टप्प्यांत माणसांची नोंद, मोठ्या कुटुंबांसाठी राखीव सदनिका आणि स्वेच्छेची अदलाबदल यांचा समावेश करण्यास अद्याप वाव आहे. शिवडीतील १२ चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने या तीन ठिकाणांच्या प्रकल्पाबाहेर राहिल्या. तेथे आरंभच दरडोई मोजणीने करता आला, तर एका शतकाच्या अनुभवाचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.