गप्पांत बातमी येते तेव्हा

मराठी माणूस गप्पिष्ट आहे, असे आपण स्वतःविषयी कौतुकाने सांगत असतो. पार, कट्टा, ओसरी, चाळीचा जिना, एस. टी. स्टँडसमोरचे हॉटेल ही गप्पांची ठिकाणे आपल्या साहित्यात जागोजाग भेटतात. दिवाळी अंकांतले बरेचसे विनोदी लेखन तर त्यांच्याच आधाराने उभे असते. असे असूनही आपल्या समीक्षेने गप्पांचा विचार 'संवाद' या तांत्रिक सदरापलीकडे फारसा केलेला नाही. संवाद चटपटीत आहेत, बोलीचा गोडवा आहे, पात्रे जिवंत वाटतात, एवढे नोंदवले की समीक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

मित्रमंडळींच्या गप्पा रंगवणाऱ्या कलाकृतीला मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असे मला वाटते. गुडघेदुखी, मुलीचे स्थळ, साहेबाचा तऱ्हेवाईकपणा, भावाभावांतली अढी, असे मनमोकळे बोलणे चालू असताना मन अस्वस्थ करणारी एखादी बातमी मध्येच आली, तर त्या बोलण्याचे पुढे काय होते? गप्पा तिला सामावून घेतात, हसून उडवतात, की तिच्यापुढे मुक्या होतात? आपण द्वैभाषिक जिल्ह्यांतली माणसे असल्याने आपल्याला याच्याच जोडीने दुसरा प्रश्नही विचारावा लागतो. ती बातमी येते कोणत्या भाषेत, आणि तिच्याविषयी आपण बोलतो कोणत्या भाषेत?

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मध्ये (१९५८) मिळते. त्यातला 'उपास' हा लेख आपल्यापैकी अनेकांना जवळजवळ पाठ असेल. एका माणसाने वजन उतरवायचे ठरवले, ही खरे तर त्याची खासगी बाब. पण चाळीत तिची बातमी होते आणि बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून सल्ले येऊ लागतात. चाळीच्या गप्पांची रीतच अशी आहे की, आलेली गोष्ट सगळ्यांनी वाटून घ्यायची, तिचे वजन दहा तोंडांत विभागायचे आणि शेवटी ती हलकी करून सोडून द्यायची. तुटपुंज्या पगारात दिवस काढणाऱ्या माणसांना या रीतीने तारले आहे, म्हणून तिला उथळ म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तिची मर्यादा पु. लं.ना पुरती ठाऊक होती. पुस्तकाच्या शेवटच्या 'चिंतना'त चाळीच्या सरत्या दिवसांचे भान येते, तेव्हा मंडळींचा गलका मागे पडतो आणि एकच गंभीर सूर ऐकू येतो. ज्या बातमीचे हसू होऊ शकत नाही, तिथे चाळीच्या गप्पा कामी येत नाहीत, हे लेखकाने न सांगता दाखवले आहे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला महेश एलकुंचवार यांचे 'पार्टी' (१९७६) हे नाटक आहे. दमयंती राणे या प्रतिष्ठित बाईंच्या घरी बर्वे या मान्यवर लेखकाच्या सन्मानार्थ मंडळी जमली आहेत. लेखक, नट, डॉक्टर, होतकरू कवी असे सगळेच बोलण्यात पटाईत आहेत. कोणाचे कोणाशी बिनसले, कोणाला काय मिळाले आणि कोणाला डावलले, याची चर्चा रंगते. या बैठकीत एक माणूस नाही, आणि त्याच्याविषयी सगळे बोलतात. शहर आणि साहित्याचे वर्तुळ सोडून आदिवासींमध्ये काम करायला गेलेला हा कवी म्हणजे अमृत. त्याच्याविषयीची भीषण बातमी या दिवाणखान्यात येऊन थडकते, तेव्हा आतापर्यंतच्या सगळ्या चतुर वाक्यांचा हिशेब मागितला जातो. चाळीतली माणसे बोलून बातमी हलकी करतात. 'पार्टी'तली माणसे मात्र बातमी येऊ नये म्हणूनच इतका वेळ बोलत होती, असा प्रत्यय येतो. एलकुंचवारांच्या नाटकांतील मानवी संबंधांच्या विश्लेषणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. गप्पा म्हणजे स्वतःभोवती घातलेले कुंपण कसे असू शकते, हे या नाटकाइतके निर्दयपणे मराठीत क्वचितच कोणी दाखवले असेल.

गोविंद निहलानी यांनी या नाटकावर १९८४ साली चित्रपट काढला. तो हिंदीत होता. विजया मेहता, रोहिणी हट्टंगडी अशी मराठी रंगभूमीवरची माणसे त्यात हिंदी बोलतात आणि ते कुठेही खटकत नाही. मुंबईच्या मराठी दिवाणखान्यातील बातमी हिंदीत इतक्या सहजी गेली, याचे त्या वेळी सर्वांना कौतुकच वाटले असणार. मला मात्र तो चित्रपट पाहताना, त्याच वर्षाने ज्या शहराला कायमचे बदलून टाकले, त्या भोपाळमधली एक बैठक आठवते.

भोपाळ स्टेशनच्या पूर्वेला अशोका गार्डन नावाची दाट वस्ती आहे. माझा मामेभाऊ तिथे राहतो. २०१४ च्या डिसेंबरात मी त्याच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी त्याचे तीन मित्र आले. तिघेही मराठी घरांतले, तिघेही नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले. हिंदीचा वास असलेली त्यांची मराठी ऐकायला मोठी गोड होती. एकाने सुनेशी पटत नसल्याचे काही आडपडदा न ठेवता सांगितले, दुसऱ्याने आपल्या साखरेच्या पथ्याची टवाळी केली. मग टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे कोणाचे तरी लक्ष गेले. वायुकांडाला तीस वर्षे झाल्याची पुरवणी होती. युनियन कार्बाइडचा त्या वेळचा प्रमुख वॉरन अँडरसन त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत वारला होता, त्याचाही उल्लेख त्यात होता. बोलणे २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीवर आले, आणि क्षणात सगळे हिंदीत बोलू लागले. "सब भाग रहे थे, कोई किसी का नहीं था," असे काहीसे एकाने म्हटले आणि मग बराच वेळ हिंदीच चालली. आतून वहिनींनी चहा आणला, तेव्हा साखरेच्या निमित्ताने मंडळी पुन्हा मराठीवर आली.

भाषा बदलल्याचे त्यांच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नसावे. त्यात दोष देण्यासारखे काही नाही. ती रात्र त्यांच्यावर हिंदीतच कोसळली होती. शेजाऱ्यांच्या हाका हिंदीत, रुग्णालयातल्या चौकशा हिंदीत, पुढची कित्येक वर्षे भरलेले अर्ज हिंदीत. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, तिचीही चर्चा त्यांनी हिंदीतच केली असणार. 'मुआवजा' या शब्दात त्यांच्या अनेक दुपारी गेल्या आहेत. 'नुकसानभरपाई' या शब्दासाठी त्यांना कधी रांगेत उभे राहावे लागलेले नाही. घरचे सुखदुःख मराठीत आणि जगाचे संकट हिंदीत, अशी वाटणी आपोआप झाली आहे.

ही वाटणी समजून घ्यायला एक तारीख ध्यानात ठेवावी लागेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर राजधानीचे शहर राहिले नाही, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि सरकारी नोकरीतली मराठी कुटुंबे फायलींच्या मागोमाग तिकडे गेली. माझ्या मामेभावाचे घर त्यांतलेच. त्याच दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. ते लोक गाव सोडून दुसऱ्या भाषेत गेले. आपण जागचे हाललो नाही, दुसरी भाषा आपल्याकडे आली. परिणाम पुष्कळसा सारखाच आहे. आपल्या घरी लग्नपत्रिका मराठीत येते आणि जमिनीची नोटीस कन्नडमध्ये.

भोपाळविषयी आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. राजकुमार केसवानी हे तिथले पत्रकार. १९८१ च्या डिसेंबरात कार्बाइडच्या कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन त्यांच्या ओळखीच्या एका कामगाराचा मृत्यू झाला. केसवानींनी त्याविषयी हळहळून विषय सोडून दिला नाही. कारखान्यातल्या मित्रांना विचारत विचारत त्यांनी माहिती गोळा केली आणि १९८२ साली आपल्या 'रपट' या छोट्या हिंदी साप्ताहिकातून शहराला स्पष्ट इशारा दिला. कोणी ऐकले नाही. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी 'जनसत्ता'तून पुन्हा लिहिले. सहा महिन्यांत ते खरे ठरले. २०२१ साली केसवानी गेले. गप्पांच्या दृष्टीने पाहिले, तर 'पार्टी'त बातमी येते आणि बोलण्याचा शेवट होतो. इथे बातमी आली आणि मित्रांचे खरे बोलणे तिथून सुरू झाले. ही तिसरी शक्यता आपल्या कथा-कादंबऱ्यांत अभावानेच दिसते.

मग आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे काय? दोन भाषांच्या हद्दीवरची मराठी अशा बातमीचे ओझे पेलू शकते का? पेलू शकते, असे मी निःशंकपणे म्हणेन, आणि पुरावा म्हणून प्रकाश नारायण संत यांचा लंपन पुढे करीन. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००२) या चार पुस्तकांतला हा मुलगा आजीआजोबांकडे, आपल्याच भागातल्या गावात वाढतो. त्याची मराठी कन्नडच्या शेजारात वाढलेली आहे. त्याच्या मित्रांच्या गप्पा, त्यांची भांडणे, सुमीशी असलेली त्याची अबोध जवळीक, सारे या भाषेत इतके मुरलेले आहे की, पुण्यामुंबईच्या वाचकालाही तिची गोडी लागली.

गोडी लागली, आणि तिथेच समीक्षा थांबली, ही माझी तक्रार आहे. लंपनची भाषा म्हणजे बालपणाच्या रम्य आठवणींवरचा सीमाभागी साज, असे तिचे कौतुक होते. परंतु 'झुंबर'मध्ये या मुलाच्या वडिलांच्या मृत्यूची बातमी येते. पोराचे आयुष्य उलटेपालटे करणारी ही बातमी सांगण्यासाठी संत प्रमाण मराठीकडे धाव घेत नाहीत. ज्या बोलीत खेळ, खोड्या, शाळा आणि गाणे आले, त्याच बोलीत मरणही येते. नेहमीच्या त्या लकबी तशाच राहतात, फक्त आता त्या ऐकताना हसू येत नाही. चाळीच्या गप्पा जिथे मुक्या झाल्या, तिथे लंपनची ही सरमिसळ भाषा बोलत राहते. संतांचे मोठेपण मला त्यांच्या गोडव्यापेक्षा यात अधिक दिसते.

एखादी भाषा घरात जिवंत आहे की नाही, हे तिच्यातून विनोद किती होतात यावर ठरवण्याची आपल्याला सवय आहे. मला ही कसोटी अपुरी वाटते. शाळेत मी पाहतो, मुले सणावर, आईवर, पावसावर मराठीत झकास निबंध लिहितात. गावात पूर आला, कोणाचे शेत गेले, कोणी जिवानिशी गेले, की मधल्या सुटीत तीच मुले कन्नडकडे किंवा हिंदीकडे वळतात. कन्नड त्यांना उत्तम यावी, ती शेजारधर्माची आणि पोटापाण्याची भाषा आहे, याबद्दल माझे दुमत नाही. पण भीती, संताप आणि जाब विचारणे यांसाठी मराठी वापरायचीच नाही, अशी सवय पडली, तर पुढच्या पिढीकडे ती फराळाच्या ताटापुरती उरेल.

म्हणून आपल्या भागातल्या लेखकांकडे माझे एक साधे मागणे आहे. आपल्या कथांतली मित्रमंडळी कट्ट्यावर जमली की छान बोलतात, पण त्यांच्यापर्यंत नोटीस आली, फोन आला, तलाठ्याचा निरोप आला, तर तो शुद्ध मराठीत येतो. प्रत्यक्षात तो तसा येत नाही, हे आपण सगळे जाणतो. तो कथेत कन्नडमध्येच येऊ द्यावा. त्यासाठी कंस किंवा अर्थाची टीप नको, कारण आपल्या वाचकाला ती भाषा समजते. मग कट्ट्यावरच्या त्या चार मित्रांना त्याच्याविषयी मराठीत बोलू द्यावे, अडखळत का होईना. ते काय बोलतात, हे वाचायला मी उत्सुक आहे.