‘सीडी ३ आहे’ : निदानाच्या भाषेतील एक अनेकार्थी पद

टी-पेशींच्या लिम्फोमाचे निदान हा भाषाभ्यासकाचा प्रांत नव्हे, हे उघड आहे. परंतु निदानाचा जो अहवाल रुग्णाच्या हाती पडतो तो एक लेखच असतो; आणि लेखातील पदे कोणत्या अर्थाने योजिली आहेत हे विचारण्याचा अधिकार भाषाशास्त्राला नाकारता येणार नाही.

पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना प्रारंभी ज्याने त्याने आपापले नाव दिले होते. एकाच प्रथिनास कोणी टी ३ म्हणे, कोणी ल्यू ४. १९८२ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेपासून सीडी क्रमांकांची पद्धत रूढ झाली व हा गोंधळ पुष्कळसा मिटला. क्रमांक स्वतः अर्थशून्य आहेत, आणि संज्ञा म्हणून तोच त्यांचा गुण. मात्र पर्यायनामे गेली तरी अनेकार्थता राहिली; आणि ती अधिक घातक, कारण पर्यायनामे डोळ्यांना दिसतात, अनेकार्थता दिसत नाही.

‘सीडी ३ पॉझिटिव्ह’ हेच पद घ्यावे. फ्लो सायटोमेट्रीत ताज्या, सुट्या केलेल्या पेशींना चमकणारी रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे लावतात व त्या पेशी एकामागून एक लेसरकिरणापुढून नेतात. पेशीचे पटल मुद्दाम सच्छिद्र केले नसेल तर प्रतिपिंड केवळ पृष्ठभाग वाचते. ऊतकाच्या अभिरंजनात फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसविलेल्या ऊतकाचा पातळ काप घेतात. येथे सुरीने पेशीच चिरली जाते, म्हणून पेशीद्रवातील सीडी ३ ची एप्सिलॉन साखळीही रंगते. एनके-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी ३ नसते, पण पेशीद्रवात ही साखळी असते. तेव्हा तिच्याविषयी काप ‘आहे’ म्हणतो, यंत्र ‘नाही’ म्हणते, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. ‘सीडी ३ आहे, म्हणून टी-पेशी’ असे अनुमान केवळ कापावरून करणारा एनके-पेशींच्या अर्बुदास टी-पेशींचे ठरवून बसेल.

अँजिओइम्युनोब्लास्टिक प्रकारात तर हा विसंवादच लक्षण होतो. यंत्रात या अर्बुदपेशींवर सीडी ४ दिसते, बहुधा सीडी १० ही दिसते. पण पृष्ठभागावरील सीडी ३ मंद किंवा अजिबात नसते. त्याच पेशी कापात सीडी ३ ने रंगलेल्या असतात. दोन अहवाल शेजारी ठेवणारा अननुभवी वाचक यांतील एक चुकला असावा असे मानतो व हाती आलेला पुरावाच टाकून देतो.

येथे पाणिनीच्या लोपाची आठवण होते. जे असावयास हवे होते त्याचे न दिसणे ही स्वतंत्र घटना आहे. निव्वळ अभाव नव्हे. टी-पेशीने सीडी ७ किंवा सीडी ५ गमावणे हे असेच चिन्ह. अर्थात हे चिन्ह निर्णायक नाही. प्रतिक्रियेने वाढलेल्या निरुपद्रवी पेशींतही सीडी ७ मंदावते. बी-पेशींच्या बाबतीत कॅपा व लॅम्ब्डा या दोन साखळ्यांपैकी एकीचेच प्राबल्य पाहून पेशी एकाच वंशाच्या आहेत हे सहज कळते. टी-पेशींसाठी अशी सोय दीर्घकाळ नव्हती. अलीकडे टीआरबीसी १ ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने ती बरीचशी झाली आहे; तथापि एकवंशीयता म्हणजे कर्करोग नव्हे, हे अहवाललेखक कधी कधी विसरतात.

मग यंत्रच पुरेसे का मानू नये? कारण त्यात पदे सुटी होतात आणि वाक्य मोडते. एकाच पेशीवर अनेक चिन्हे एकत्र आहेत की नाहीत हे यंत्र उत्तम सांगते. ती पेशी लसीकाग्रंथीत कोठे, कोणाच्या शेजारी होती हे सांगत नाही. बीसीएल ६ तर केंद्रकात असते, आणि ते पाहण्यास कापच सोयीचा. टी-फॉलिक्युलर हेल्पर वंश सिद्ध करण्यास सीडी १०, बीसीएल ६, पीडी १, सीएक्ससीएल १३ व आयकॉस यांपैकी निदान दोन चिन्हे लागतात. ती दोन्ही पद्धतींतून गोळा करावी लागतात. १९७४ मध्ये ज्या विकारास नुसती ‘लिम्फॅडेनोपॅथी’ म्हटले गेले, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात या वंशाच्या लिम्फोमांत स्थान आहे.

मराठीत ‘पॉझिटिव्ह’ला ‘सकारात्मक’ म्हणण्याची जी रीत पडली आहे ती मला मान्य नाही. अर्बुदाच्या खुणेत सकारात्मक ते काय? शिवाय तिने मूळ दोष झाकला जातो. ‘पृष्ठभागी सीडी ३ नाही, पेशीद्रवात आहे’ असे सरळ वाक्य अहवालात का असू नये? त्यात अधिकरण आहे, आणि नेमके तेच गाळले जाते. अर्थात असे वाक्य लिहावयाचे तर काढलेल्या ग्रंथीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडण्यापूर्वीच ताजा बाजूला ठेवलेला असावा लागतो.