भिंतीतील झरोका

ढोकी स्टेशनात उतरून तेरेस जाणारा यात्रेकरू गोरोबाकाकांच्या समाधीकडे वळतो, हे योग्यच आहे. तेरढोकी हे जोडनाव महाराष्ट्राच्या तोंडी आहे ते त्यांच्यामुळेच. पण गावातील त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ चिकित्सक दृष्टीने पाहणारे थोडे. १९०१ साली फ्लीटसाहेबांनी प्राचीन तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादिले. देऊळ मूळचे बौद्ध चैत्यगृह की पहिल्यापासूनच वैदिकांचे, हा वाद विद्वानांत आहे. त्यात आम्ही शिरत नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, मागे अर्धवर्तुळाकार असलेल्या त्या लांबट दालनाच्या दारात उभे राहणाऱ्याची नजर सरळ शेवटपर्यंत पोहोचे. पुढे त्यास मंडप जोडला गेला आणि पाहणारा तितका मागे सरला. देवालय वाढले की भक्ताचे अंतरही वाढते.

युरोपातील मध्ययुगीन ख्रिस्तमंदिरांत हीच अडचण निराळ्या रूपाने उभी राहिली. १३व्या शतकात तेथे धर्मगुरू अभिमंत्रित भाकर डोक्यावर उचलून धरू लागला, आणि ती नुसती दृष्टीस पडणे हेच सामान्य जनांस मोठे पुण्य वाटू लागले. परंतु बाजूच्या पाख्यांत उभे असलेले लोक आणि मुख्य वेदी यांच्यामध्ये जाड भिंती व खांब! तेव्हा गवंड्यांनी वेदीवर रोख धरून भिंतीतून तिरपे भोक पाडले. बाजूच्या लहान वेदीवर पूजा चालविणाऱ्या पुरोहितासही त्यातून मुख्य विधी कोठवर आला हे कळे. इंग्रजीत यास ‘स्क्विंट’, म्हणजे तिरळी नजर, म्हणतात. १९व्या शतकातील पंडितांनी ग्रीक धातूंवरून ‘हॅजिओस्कोप’ असा भारदस्त शब्द घडविला; आम्हांस साधाच शब्द पसंत आहे. त्यात भिंत आड आल्याची कबुली तरी आहे.

या झरोक्यांविषयी प्रवाशांस एक करुणरम्य कथा हमखास सांगण्यात येते. कुष्ठरोग्यांस मंदिरात मज्जाव असे, म्हणून त्यांनी यांतून दर्शन घ्यावे, अशी ती कथा. ती डोळ्यांत पाणी आणते, पण भिंत तिला दुजोरा देत नाही. बहुतेक झरोके आतल्याच भिंतींत आहेत; त्यांतून पाहावयाचे तर रोग्याने आधी मंदिरात शिरावयास हवे! ज्यास दाराशीच अडविले, त्यास आतली खिडकी काय कामाची? मंदिराच्या बाहेरच्या अंगास कोंडून घेऊन राहणाऱ्या एकांतवासी तपस्व्यांसाठी मात्र असा झरोका खरोखरच ठेवीत. नॉरिचची ज्युलियन १४व्या शतकाच्या अखेरीस अशाच कोठडीत राहत होती. पण तिचे कोंडणे स्वखुषीचे होते.

इंग्रजांच्या या भाबडेपणास हसण्याचा अधिकार आपणांस नाही. उडुपीच्या कृष्णमंदिरात कनकदासास प्रवेश नव्हता. तो मागल्या बाजूस उभा राहून आळवीत असता भिंत दुभंगली आणि मूर्तीने त्याच्याकडे तोंड फिरविले, अशी आख्यायिका आहे. ‘कनकाची खिडकी’ लोक अद्यापि भक्तिभावाने पाहतात. चमत्कार गोड खराच. परंतु देव वळला तरी दार काही उघडले नाही, ही गोष्ट कथा ऐकताना कोणाच्या ध्यानी राहत नाही. अशा कथेचा दोष हाच की, ती फटीचे कौतुक करवून भिंतीचा विसर पाडते.

आमच्या संतांस मात्र हा विसर पडला नव्हता. तेरढोकीस गोरोबांनी थापटणे हाती घेऊन संतमंडळींची मडकी पारखली, तेव्हा कच्चे ठरले ते नामदेव, ज्यांच्याशी साक्षात् विठ्ठल बोलत असे! मग औंढ्यास विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून त्यांस विचारले की, देव नाही अशी जागा दाखव, म्हणजे तेथे हे पाय ठेवतो. ज्या परंपरेने हे सांगितले, तिच्याच पंढरीत चोखोबांस दाराबाहेर राहावे लागले. त्यांच्यासाठी भिंत दुभंगल्याची कथाही कोणी रचली नाही. उलट १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंतच त्यांच्या अंगावर कोसळली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वाराशी समाधी दिली. ते दार सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली १ मेपासून १० मेपर्यंत प्राणांतिक उपोषण करावे लागले. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर, नामदेवांच्या पायरीसमोर आहे.