ओवीची ओढ तपासताना

जात्यावरची ओवी कानावर पडली की आपल्यापैकी अनेकांचा गळा दाटून येतो. वर्गात लोकसाहित्य शिकवताना माझेही तेच होते. खडू हातात राहतो आणि आजी ओवी म्हणू लागते. ही ओढ खरी आहे. पण ओढीला समीक्षा म्हणता येत नाही. ती कशाची आहे हे तपासावे लागते.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या, हे मोठेच काम. परंतु प्रस्थापित आस्वादकांनी त्यांतला माहेरचा गोडवा तेवढा उचलला आणि जाते बाजूला ठेवले. जात्यात पडणारे धान्य कुठून आले, हे कोणी विचारले नाही. आजीच्या लहानपणी आमच्या घरी दळली जाई ती बलुत्याची ज्वारी. गावकीची कामे उपसून, खळ्यावर पदर पसरून मिळालेली. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले. आजीच्या गळ्यात मात्र ती पहाट राहिली.

आपणही डोळे झाकू नयेत. आपल्या बायकांच्या ओवीत नवऱ्याची थोरवी आहे, मुलग्याची हौस आहे, आणि विठ्ठल तर पदोपदी आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, गुरुजींच्या उपोषणानंतर. तोवर ज्याने दारात घेतले नाही, त्यालाच आपल्या आयाबाया मायबाप म्हणत होत्या. गोड गळ्यातून गुलामीही पाझरते. आपले मन हेलावते तेव्हा तीही आत शिरते.

मग ओवी टाकून द्यायची काय? त्याचे उत्तर या बायकांनीच दिले आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झाले आणि बुद्धही ओवीत आला. गळा तोच, खुंट्यावरचा हातही तोच. दैवत मात्र बदलले. हे बदलायला त्यांना कोणा समीक्षकाची परवानगी लागली नाही. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीने केलेली ही मूल्यांची फेरमांडणी आपल्या साहित्यविचाराने अजून पुरती मोजलेली नाही.

म्हणून माझे शिक्षक मित्रांना एवढेच सांगणे आहे : विठ्ठलाची ओवी आणि भीमाची ओवी वर्गात शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींच्या मध्ये काय घडले, ते विद्यार्थ्यांना विचारा. गळा दाटला तर दाटू द्या. पण तास तिथे संपवू नका.