रक्त पुसायला कोण उरतं?

सोलापूरच्या नवी पेठेत एका कापड दुकानाच्या पायरीवर परवा दोन पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. पडद्यावर कोयता फिरत होता. तो वार त्यांनी मागे नेऊन नेऊन तीनदा पाहिला. ज्याच्यावर वार झाला, त्याचा चेहरा त्यांना पाहता आला नाही, कारण दिग्दर्शकानं तो दाखवलाच नव्हता.

हिंसा दाखवावी की नाही, हा आपला जुना वाद. तो नेहमी रक्ताच्या मापावर अडतो: किती दाखवलं, लहान मुलं पाहतील का, सेन्सॉर काय करतंय. मला वाटतं, विचारायचं ते वेगळंच आहे. वार झाल्यावर कलावंत कुणाजवळ थांबतो? हत्याराजवळ की माणसाजवळ?

या कसोटीवर मराठीनं फार मोठं काम केलं आहे. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहाच्या शीर्षककथेत जात उघडी पडताच नायकाला बेदम मारतात. बागूल मार झाकत नाहीत. पण मार खाणारा माणूस मारणाऱ्या हातांच्या पलीकडे, थेट मनूपर्यंत पाहतो आणि त्या क्षणी वाचक नुसता बघ्या राहत नाही. तो मार सौम्य करून लिहिला असता, तर तो खोटेपणा झाला असता.

विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं. सख्खे भाऊ गरोदर बहिणीच्या पोटावर लाथा घालतात. साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरनं हरकत घेतली, तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि तो लालच समजावा, असं प्रेक्षकांना सांगितलं गेलं. रंग बदलून अर्थ पुसला गेला नाही, कारण तो डाग दचकवण्यासाठी नव्हताच. ते त्या घराचं चारित्र्य होतं. नाटकात दोष आहे. त्यातली क्रूरता काही ठिकाणी इतकी सलग येते की मन बधिर होतं. पण हाव माणसाला कुठवर नेते, हे तेंडुलकरांनी नजर न वळवता पाहिलं. 1973 ते 75 या काळात नेहरू शिष्यवृत्तीवर त्यांनी हिंसेचाच अभ्यास केला.

आणि आपला ‘सैराट’ (2016). नागराज मंजुळे जेऊरचे, करमाळा तालुक्यातले. पडद्यावरची बोली आपल्याच जिल्ह्याची. शेवटी नायिका आर्चीच्या माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, ती चहा टाकते. खून आपल्याला दिसत नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आईबापाची प्रेतं पाहतं आणि रडत निघून जातं. त्याचा आवाजही आपल्याला ऐकू येत नाही; मागे राहतात फक्त रक्तात उमटलेली इवली पावलं. हिंदी ‘धडक’नं (2018) शेवट बदलला: नवरा आणि मूल नायिकेच्या डोळ्यांदेखत इमारतीवरून खाली पडतात. तिथं धक्का बसतो. इथं मात्र त्या पोराला आता कोण सांभाळणार, हा प्रश्न आपल्यासोबत घरी येतो.

जयंत पवारांच्या कथा सांगतात की सुरी हातात येण्याआधी गिरणी बंद पडलेली असते. गिरण्यांचे भोंगे थांबलेले पाहिलेल्या सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. अशाच एका कथेवरून महेश मांजरेकरांनी 2022 मध्ये चित्रपट केला, तेव्हा सगळा गदारोळ दृश्यांवर झाला; पोरांचं बालपण कुणी खाल्लं, यावर फारच थोडं बोललं गेलं. ही समीक्षेची हार आहे.

आज पडद्यावर रक्त भरपूर आहे. ‘सैराट’नंतर प्रेम, गाव, कोयता हे सगळं उचललं गेलं, ते लेकरू फार थोड्यांनी उचललं. तरीही बंदीची मागणी मला पटत नाही. बंदीची कात्री बागुलांनाही कापते आणि कोयत्याच्या जाहिरातीलाही. तिला दोन्हींतला फरक कळत नाही. तो फरक आपल्याला शिकवावा लागेल, वर्गात, नाट्यगृहाबाहेरच्या कट्ट्यावर, घरी जेवताना.

पायरीवरच्या त्या पोरांना मी विचारलं, ‘‘ज्याला मारलं तो कोण होता रे?’’ दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग धाकट्यानं पुन्हा सुरुवातीपासून चित्रपट लावला आणि या वेळी तो त्या माणसाला शोधू लागला.