फसलेला दरोडा, हास्य आणि करुणा : फ्रेडरिक बॅकमन यांच्या ‘अँक्शस पीपल’ या कादंबरीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :
ओलीसनाट्य आणि स्वीडन यांचा संबंध जुना आहे. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोममधील एका बँकेत चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवण्यात आले. ओलिसांना वाटलेल्या सहानुभूतीमुळे ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ झाली. फ्रेडरिक बॅकमन यांची २०१९ ची स्वीडिश कादंबरी नील स्मिथ यांच्या अनुवादामुळे २०२० मध्ये ‘अँक्शस पीपल’ या नावाने इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. ती याच सहानुभूतीला विनोदाच्या पातळीवर आणते. प्रस्तुत लेखात या विनोदाचे स्वरूप, कथनतंत्र आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

विनोदाचे स्वरूप :
वर्षअखेरीच्या आदल्या दिवशी एका छोट्या गावात बँकेवर दरोडा पडतो. मागणी केवळ ६,५०० क्रोनरची, म्हणजे एका महिन्याच्या घरभाड्याची आहे. परंतु त्या बँकेत रोख रक्कम ठेवलीच जात नाही. पळ काढताना दरोडेखोर समोरच्या इमारतीत विक्रीस ठेवलेल्या सदनिकेत शिरतो आणि घर पाहायला आलेली मंडळी अनायासे ओलीस ठरतात. खेळण्यातले वाटणारे पिस्तूलही खरे निघते. येथे हसू येते ते पात्रांच्या मूर्खपणामुळे नव्हे. गरज उरली, पण पैसा डोळ्यांना दिसेनासा झाला, या व्यवस्थेतील विसंगतीतून ते निर्माण होते. हे या विनोदाचे खरे सामर्थ्य होय.

कथनतंत्र :
दरोडेखोर ही दोन मुलींची आई आहे, हे निवेदक बराच काळ उघड करीत नाही. तो केवळ ‘दरोडेखोर’ असे म्हणत राहतो. पुरुष गृहीत धरतो तो वाचक. स्वीडिश आणि इंग्रजीत क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवीत नसल्याने हे मौन शक्य होते. मराठीत मात्र दरोडेखोर ‘आला’ की ‘आली’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. वरील कथासारातही ‘शिरतो’ असेच म्हणावे लागले. कर्मणी वा भावे प्रयोगाचा आश्रय काही वाक्यांपुरताच घेता येईल. म्हणजे मूळ कृतीत जे मौन आहे, ते मराठीत असत्य ठरण्याचा धोका संभवतो. मौनामुळे चूक वाचकाची ठरते, असत्यामुळे निवेदकाची. आणि कादंबरीचा नैतिक आशय वाचकाने स्वतःची चूक ओळखण्यावरच उभा आहे.

मर्यादा :
या हास्यामागे एक मृत्यू आहे. दहा वर्षांपूर्वी आर्थिक संकटात सर्वस्व गमावलेल्या एका गृहस्थाने पुलावरून उडी घेतली. त्याला कर्ज नाकारणारी बँक अधिकारी झारा आता ओलिसांमध्ये आहे. त्याने पाठविलेले पत्र ती वर्षानुवर्षे न उघडता जवळ बाळगते, आणि अखेर तेच पत्र तिला दोषमुक्त करते. व्यक्ती म्हणून झाराला मिळालेली क्षमा हृद्य आहे. परंतु तिच्याबरोबर बँकही नकळत सुटते. आरंभी विनोदाने व्यवस्थेला विचारलेला प्रश्न शेवटी माणसांच्या चांगुलपणात विरून जातो. ओलीस एकमताने पोलिसांपासून सत्य लपवितात, वयस्क पोलीस जिमही त्यांना साथ देतो. एका आईची सुटका होते, मात्र तिला दरोड्यापर्यंत नेणारी परिस्थिती तशीच राहते.

निष्कर्ष :
गुन्हेगाराकडे माणूस म्हणून पाहायला लावणारी ही कादंबरी हास्याला करुणेपर्यंत नेते, हे तिचे निर्विवाद यश आहे. तथापि करुणा हा न्यायाचा पर्याय नव्हे. ज्या बँकेत रोकड नाही, तिच्यात उत्तरदायित्वही का नाही, हा प्रश्न कादंबरी उभा करते, पण त्याचा पाठपुरावा करीत नाही. तो वाचकाने करावयाचा आहे.