मूळव्याध, सुरण आणि पुरावा

मंडळी, सुरणाचं एक संस्कृत नाव आहे 'अर्शोघ्न', म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा. नावातच गुण सांगितलाय, मग वेगळा पुरावा कशाला, असं आपल्याला वाटतं. पण नाव हा दावा झाला, पुरावा नव्हे.

मूळव्याधीचा ठणका बऱ्याचदा काही दिवसांत आपोआप उतरतो. त्रास ऐन भरात असताना आपण चूर्ण घेतो, बरं वाटलं की श्रेय चूर्णाला देतो. त्याच वेळी तिखट बंद केलेलं असतं, ताक आणि पालेभाजी सुरू झालेली असते. मग गुण नेमका कशाचा? चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत, एकालाच औषध द्यावं आणि तुलना करावी, तेव्हाच ते कळतं.

चोथ्याची अशी तपासणी झालेली आहे. इसबगोल त्यातलाच. २००५ च्या कॉक्रेन आढाव्यात सात चाचण्या आणि ३७८ रुग्ण होते. चोथा घेणाऱ्यांमध्ये रक्त पडत राहण्याचा धोका जवळपास निम्मा झाला. साधा, स्वस्त उपाय, पण त्याची जाहिरात 'मुळापासून नायनाट' अशी करता येत नाही.

क्षारसूत्राचंही तपासून झालंय. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला हा दोरा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ५०२ रुग्णांवर घेतलेली चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. रोग उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. जखम भरायला मात्र जास्त वेळ लागला. काम चोखच आहे. पण ती चाचणी भगंदराची होती! तिचा दाखला मूळव्याधीच्या गोळीला लावता येणार नाही.

परंपरेचं नाव घेताना आपण सुश्रुतालाही अर्धाच वाचतो. त्याने औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले, आणि कोणत्या मोडाला कोणता हेही सांगितलं. सगळ्यांना एकच डबी त्याने दिली नाही.

हा वाद नुसता पुस्तकी नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही शौचावाटे रक्त पडतं. लाजेपोटी आपण त्याला मूळव्याध म्हणतो, महिनोन्महिने चूर्ण खातो, आणि तेवढा काळ हातचा जातो. म्हणून आधी तपासणी, मग औषध. आणि औषध देणाऱ्याला, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, एवढं विचारू: हे कोणत्या रोगावर, किती जणांवर, कशाच्या तुलनेत तपासलंय?

आता तुमचे प्रश्न घेऊ.